तालमीची खोली आणि तालमीचे मैदान : मिशिगन विद्यापीठाच्या बँडविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून हे सदर आम्ही पूर्णपणे त्याच विषयाला देत आहोत. अमेरिकेतील विद्यापीठांचे चालत वाजवणारे बँड कसे उभे राहिले आणि ते तालीम कुठे करतात, हा तो विषय. पहिले पत्र पुण्याचे आहे आणि बाकीच्या पत्रांची उत्तरेही त्याच्याच अनुषंगाने दिली आहेत.

प्रश्न : मी पुण्यातील एका ढोल-ताशा पथकात वाजवतो. दरवर्षी गणपतीच्या आधी दोन महिने आमची तालीम सुरू होते आणि दरवर्षी पहिली अडचण जागेचीच असते. नदीपात्रात शेड उभारावी तर पाणी सोडण्याची भीती, वस्तीजवळ वाजवावे तर आवाजाची तक्रार. माझी भाची अमेरिकेत ॲन आर्बर येथे शिकते. ती सांगते, की तिथल्या विद्यापीठाच्या बँडला स्वतःची इमारत आणि स्वतःचे मैदान आहे. हे त्यांना पहिल्यापासूनच मिळाले होते काय? — एक वादक, पुणे

उत्तर : पहिल्यापासून मुळीच नव्हते. मिशिगन विद्यापीठाच्या बँडला स्वतःसाठी बांधलेली इमारत मिळायला सुमारे पाऊणशे वर्षे लागली आणि तोपर्यंतचा त्याचा सगळा काळ दुसऱ्यांच्या छपराखाली गेला.

या बँडची सुरुवात १८९६ सालच्या शरद ऋतूत झाली. हॅरी डीपाँट नावाच्या तरुणाने वाद्य वाजवता येणाऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावले, त्या हाकेला तीसएक जण आले, आणि त्यांची पहिली तालीम हॅरिस हॉल नावाच्या इमारतीत झाली. ही इमारत विद्यापीठाची नव्हती. स्टेट स्ट्रीट आणि ह्युरॉन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील ती विटांची वास्तू एपिस्कोपल पंथाच्या चर्चने १८८० च्या दशकात आपल्या विद्यार्थी-कार्यासाठी उभारली होती आणि मिशिगनचे बिशप सॅम्युएल हॅरिस यांचे नाव तिला दिले होते. बँडला ना विद्यापीठाचा आदेश होता, ना पगारी शिक्षक. विद्यार्थ्यांना वाजवायचे होते आणि चर्चच्या लोकांनी दार उघडले, एवढ्यावर ते काम सुरू झाले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडेही कितीतरी पथके, भजनी मंडळे आणि नाट्यसंस्था एखाद्या देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गातच जन्माला आल्या आहेत.

दोनच वर्षांनी या विद्यापीठाला त्याचे सर्वांत प्रसिद्ध संचलनगीत मिळाले. २४ नोव्हेंबर १८९८ रोजी मिशिगनच्या फुटबॉल संघाने शिकागो येथे जाऊन शिकागो विद्यापीठाच्या संघाचा १२-११ असा निसटता पराभव केला. तो सामना पाहायला गेलेल्या लुई एल्बेल या संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वाटले, की एवढ्या मोठ्या विजयानंतर वाजवावे असे काही आपल्यापाशी नाही, आणि त्या भरात त्याने ‘द व्हिक्टर्स’ ही रचना केली. पुढच्याच वर्षी जॉन फिलिप सूसा यांच्या त्या वेळी देशभर गाजत असलेल्या बँडने ॲन आर्बरमध्ये ती वाजवली. एल्बेल हे नाव लक्षात ठेवावे, कारण तालमीच्या मैदानाकडे वळल्यावर ते पुन्हा येणार आहे.

बँडची वाढ आणि फुटबॉलच्या मैदानाची वाढ हातात हात घालून झाली. १९२७ मध्ये मिशिगन स्टेडियम उघडले आणि त्याच्या उद्घाटनाच्या सामन्याला ८४ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. आज त्याची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे. एवढ्या विस्तीर्ण, उघड्या वाडग्यासारख्या जागेत तीस वादकांचा आवाज पोचत नाही आणि तीस माणसांनी मैदानावर आखलेली आकृती वरच्या रांगेतून दिसतही नाही. म्हणून वादकांची संख्या वाढत गेली, आणि संख्या वाढली की जुनी खोली अपुरी पडते, हे आपणास सांगायला नको. त्याच १९२७ साली निकोलस फाल्कोने बँडचे संचालक झाले. त्यांचे बंधू लिओनार्ड फाल्कोने हे शेजारच्याच मिशिगन स्टेट या प्रतिस्पर्धी संस्थेच्या बँडचे संचालक होते. इटलीतून आलेले दोघे भाऊ एकाच राज्यातील दोन स्पर्धक बँड चालवत होते. निकोलस यांची श्रवणशक्ती गेल्यामुळे त्यांना हे काम सोडावे लागले, ही या इतिहासातील अत्यंत दुःखाची घटना आहे.

त्यांच्यानंतर १९३५ मध्ये विल्यम रेव्हेली आले. इंडियाना राज्यातील होबार्ट या लहान गावातील शाळेचा बँड त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेला होता. ॲन आर्बरला ते १९७१ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे राहिले. ते कमालीचे शिस्तप्रिय होते. तालमीत एकेकाला उभे करून वाजवायला लावीत आणि चूक झाली तर ती सर्वांसमोर सांगत. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी बँडची तालीम मॉरिस हॉलमध्ये होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, विद्यापीठाने हॅरिस हॉल चर्चकडून भाड्याने घेतला आणि जिथे पहिली तालीम झाली त्याच इमारतीत बँड पन्नास वर्षांनी परत आला. तिथे तो पुढे पाव शतक राहिला. रेव्हेली यांच्या हाताखाली वाजवलेल्या अनेक पिढ्यांच्या मनात बँडची खोली म्हणजे हीच जुनी चर्चची इमारत होती.

या काळात एक निर्णय झाला, ज्याचा परिणाम आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. १९६४ मध्ये विद्यापीठाचा संगीत विभाग शहराच्या उत्तरेकडील नव्या परिसरात, ईरो सारिनेन या वास्तुविशारदाने आखलेल्या सुंदर इमारतीत गेला. झाडांमध्ये आणि तळ्याच्या काठी असलेली ही वास्तू संगीत शिकण्यासाठी उत्तम आहे. परंतु ती स्टेडियमपासून कित्येक किलोमीटर दूर आहे. चालत वाजवणाऱ्या बँडने तिथे जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो जुन्या परिसरातच थांबला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हूव्हर स्ट्रीटवर, तालमीच्या मैदानाच्या अगदी समोर, खास त्याच्यासाठी नवी इमारत उभी राहिली. तिला रेव्हेली हॉल हे नाव देण्यात आले. समोरचे मैदान पूर्वी वाइन्स फील्ड म्हणून ओळखले जाई. त्याला पुढे एल्बेल फील्ड म्हणू लागले. इमारतीला शिक्षकाचे नाव आणि मैदानाला रचनाकाराचे, अशी ही जोडी जमली.

माझ्या मते या बँडचे खरे भाग्य इमारतीच्या भिंतींमध्ये नसून या अंतरांमध्ये आहे. खोलीतून वाद्य घेऊन बाहेर पडले की रस्त्यापलीकडे मैदान, आणि मैदानापासून पायी जाण्याच्या अंतरावर स्टेडियम. सामन्याच्या दिवशी संपूर्ण बँड रेव्हेली हॉलपासून वाजवत वाजवत स्टेडियमपर्यंत चालत जातो. हे अंतर आणखी चार-पाच किलोमीटर असते, तर ढोल, सूसाफोन ही अंगाभोवती घ्यायची अवजड पितळी वाद्ये आणि चारशे माणसे रोज वाहनांत भरून नेण्यातच संध्याकाळ संपली असती.

ते मैदानही कायमचे राहिले नाही. अलीकडे विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या निवासासाठी शहराच्या मध्यभागी जागा हवी होती, आणि एल्बेल फील्ड हीच ती जागा ठरली. मात्र बँडला आधी दुसरी जागा देऊन मगच जुनी काढून घेण्यात आली. जवळच फिंगर्ले कुटुंबाची लाकडाची मोठी वखार होती. ती जमीन विद्यापीठाने २०१८ मध्ये विकत घेतली आणि तिच्यावर नवे एल्बेल फील्ड तयार केले. ते रेव्हेली हॉलच्या जवळच आहे, म्हणजे खोली आणि मैदान यांची जोडी तुटू दिली नाही. जागा देणाऱ्यांकडे आपल्या पथकाने काही मागणी करायची झाली, तर मला वाटते ती आधी हीच असावी, की एक जागा काढून घेण्यापूर्वी तिच्या जवळपासची दुसरी जागा ठरलेली असावी.

प्रश्न : बँडला एवढे मोठे मैदान असताना वेगळी खोली कशाला लागते? आणि खोली असेल तर मैदान तरी कशाला? — संगीत शिक्षिका, नाशिक

उत्तर : खोलीत सूर शिकला जातो आणि मैदानावर जागा शिकली जाते. ही दोन शिक्षणे एकमेकांच्या आड येतात, म्हणून ती आधी वेगवेगळी करावी लागतात.

खोलीत सर्वजण खुर्च्यांवर बसलेले असतात आणि भिंती आवाज परत देतात, त्यामुळे कोणाचा स्वर उतरला आहे, कोणत्या वाद्यगटाचा आरंभ उशिरा होतो, हे संचालकाला ऐकू येते. उघड्यावर आवाज परत येत नाही, तो निघून जातो, आणि शेजारच्या वादकापलीकडचे फारसे काही कळत नाही. परंतु खोलीचा एक धोकाही आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाविषयीच्या अमेरिकेतील शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तासांपर्यंत सहन करावा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला तो जेमतेम १५ मिनिटांवर येतो. कमी उंचीच्या, कठीण भिंतींच्या खोलीत पितळी वाद्ये आणि ढोल एकत्र वाजले, तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. म्हणून बँडसाठी बांधलेल्या खोलीला उंच छत लागते, भिंतींवर आवाज शोषून घेणारे आवरण लागते, आणि ढोलांचा गट पुष्कळदा वेगळा बाहेर नेऊन तालीम देतात. ज्या पथकांना पत्र्याच्या शेडमध्ये वाजवावे लागते त्यांनी कानात बोळे घालण्याचा संकोच करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मैदानावरचे काम निराळे असते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांना एक आडवी रेष असते आणि बँडमधील प्रचलित पाऊल असे मोजलेले असते, की ८ पावलांत ५ यार्ड पूर्ण व्हावेत. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, सुमारे ५७ सेंटिमीटर. प्रत्येक वादकाला आपले स्थान या रेषांच्या हिशेबाने पाठ असते : अमुक रेषेपासून इतकी पावले, मैदानाच्या कडेपासून इतकी पावले. आकृती बदलली की स्थान बदलते, आणि एका कार्यक्रमात अशी कितीतरी स्थाने येतात. रेषा नसलेल्या मोकळ्या जमिनीवर हे शिकवता येत नाही, म्हणून तालमीच्या जागेवरही स्टेडियमसारख्याच रेषा आखलेल्या असतात. शिवाय आकृती जमिनीवरून दिसत नाही. तिच्यातील वाकडेपणा वरूनच कळतो. म्हणून मैदानाच्या कडेला एक मनोरा असतो आणि संचालक त्यावर चढून तालीम घेतो.

आणखी एक अडचण आहे, जी मोठ्या पथकातील प्रत्येकाने अनुभवलेली असेल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर आहे, तेव्हा एका टोकाचा ढोल दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या पाव भागाहून थोडा अधिक उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १४४ मात्रांच्या लयीत हा उशीर अर्ध्या मात्रेपेक्षा जास्त भरतो. जो वादक दूरच्या ढोलाला ऐकून वाजवील तो प्रामाणिकपणे वाजवूनही मागे पडेल. रस्त्यावर ५० मीटर लांब पसरलेल्या पथकातही पुढच्या आणि मागच्या टोकात सुमारे ०.१५ सेकंदाचे अंतर पडते. यावर उपाय दोन. सर्वांनी डोळे ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभे राहून ताल देणाऱ्याच्या हातावर ठेवायचे. आणि कानाने जुळवायचेच झाले तर आपल्या पाठीमागून येणाऱ्या आवाजाशी जुळवायचे, समोरच्या किंवा बाजूच्या आवाजाशी नाही. मागचा आवाज आपल्यावरून पुढे जाताना आपला आवाज त्यात मिसळतो आणि श्रोत्यांपर्यंत दोन्ही बरोबर पोचतात. ही सवय खोलीत लागू शकत नाही, कारण खोलीत ते अंतरच नसते. ती फक्त पूर्ण आकाराच्या मैदानावर लागते.

प्रश्न : मी पोलीस बँडमधून निवृत्त झालो आहे. विद्यापीठांचे हे बँड लष्करातूनच आले ना? — कोल्हापूर

उत्तर : पुष्कळसे आले, पण मिशिगनचा नव्हे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना शेती आणि यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या आणि त्या संस्थांच्या शिक्षणात लष्करी कवायतीचाही समावेश केला. कवायत आली की नगारा आला. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड १८७८ मध्ये असाच लष्करी प्रशिक्षणासाठी बासरी आणि नगाऱ्यांचा ताफा म्हणून सुरू झाला. पर्ड्यू विद्यापीठात १८८६ मध्ये कवायतीच्या विद्यार्थ्यांसाठी फक्त पाच नगारेवाले होते. त्याच पर्ड्यूच्या बँडने १९०७ मध्ये मैदानावर रांगा मोडून इंग्रजी ‘पी’ हे अक्षर तयार केले, आणि अशी अक्षरे काढणारा तो पहिला बँड मानला जातो. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग विद्यार्थी असताना याच बँडमध्ये बॅरिटोन हे पितळी वाद्य वाजवीत असत.

मिशिगन विद्यापीठ त्या कायद्याने जमीन मिळालेल्या संस्थांपैकी नव्हते, त्या राज्यातील जमीन आजच्या मिशिगन स्टेट विद्यापीठाला मिळाली. त्यामुळे इथल्या बँडच्या मागे लष्करी खाते नव्हते, कवायतीची शेड नव्हती आणि कवायतीचे मैदानही नव्हते. चर्चच्या इमारतीत तालीम घ्यावी लागली ती यामुळेच.

इलिनॉय विद्यापीठाचा उल्लेखही केला पाहिजे. तिथे ए. ए. हार्डिंग यांनी १९०५ पासून चार दशकांहून अधिक काळ बँड घडवला, आणि रेव्हेली त्यांना गुरुस्थानी मानत. १९५७ मध्ये तिथे हार्डिंग यांच्या नावाने बँडची इमारत झाली. केवळ बँडसाठी बांधलेली अमेरिकेतील कोणत्याही विद्यापीठातील ही पहिली इमारत म्हणून ओळखली जाते, आणि सूसा यांनी मागे ठेवलेला स्वरलिप्यांचा मोठा संग्रहही तिथेच जपलेला आहे.

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीसाठी मिशिगन विद्यापीठात जाणार आहे. ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत असे. संगीताची विद्यार्थिनी नसताना तिला तिथे घेतील का? अभ्यासाला वेळ उरेल का? — एक आई, ठाणे

उत्तर : जरूर प्रयत्न करावा. या बँडमध्ये सुमारे ४०० जण असतात आणि त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी संगीत विभागाबाहेरचे, त्यात अभियांत्रिकीचेही पुष्कळ असतात. निवड वादनाच्या चाचणीने होते आणि चालण्याचे प्रशिक्षण सत्र सुरू होण्यापूर्वी, ऑगस्टमध्ये दिले जाते. सत्र चालू झाल्यावर कामाच्या दिवशी संध्याकाळी तालीम असते, तेव्हा वेळापत्रक आखताना संध्याकाळचे वर्ग टाळावेत. अभ्यासावर ताण येणारच, परंतु परक्या देशात पहिल्या महिन्यातच चारशे ओळखीचे चेहरे मिळतात, ही गोष्टही हिशेबात धरावी.

आपल्या मुलीला हे दार उघडे आहे, ते १९७२ पासून. तोपर्यंत मिशिगनचा हा बँड पुरुषांचाच होता. त्या वर्षी शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी करणारा केंद्रीय कायदा झाला आणि बँडने मुलींना प्रवेश दिला. ओहायो स्टेटने पुढच्या वर्षी दिला. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी, की ओहायो स्टेटच्या बँडमध्ये १९३४ पासून केवळ पितळी वाद्ये आणि ढोलच आहेत. तिथे क्लॅरिनेटला जागा नाही, मिशिगनमध्ये आहे.

प्रश्न : या तालमी बाहेरच्या माणसाला पाहता येतात का? पुढच्या वर्षी मुलाकडे जाणार आहे. — सातारा

उत्तर : मिशिगनचे मैदान शहराच्या वस्तीतच, रस्त्यालगत आहे, त्यामुळे शरद ऋतूतील संध्याकाळी तिथून जाणाऱ्याच्या कानावर तालीम पडतेच. सामना नसलेल्या दिवशी गेलात तरी निराश होणार नाही. उलट एकच आठ मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा, मागे जाऊन, पहिल्या स्थानापासून घेतलेला ऐकणे हे मला पूर्ण कार्यक्रमापेक्षाही अधिक शिकवणारे वाटते.

तालीमच कार्यक्रम झाल्याचे उदाहरण पाहायचे असेल, तर शेजारच्या राज्यात कोलंबस येथे जावे. ओहायो स्टेटच्या बँडमध्ये १९३० च्या दशकापासून सामन्याआधी एक शेवटची तालीम होते, तिला ‘स्कल सेशन’, म्हणजे डोक्याची बैठक म्हणतात. वादकांना सगळे संगीत पाठ झाले आहे की नाही, हे बघण्यासाठी ती सुरू झाली. ती ऐकायला आधी मित्र आणि घरची मंडळी बँडच्या खोलीत येऊन बसू लागली, मग खोली पुरेना, आणि १९५७ पासून ती सेंट जॉन अरीना या बंदिस्त क्रीडागृहात होऊ लागली. आज हजारो लोक सामन्याच्या आधी काही तास तिथे जाऊन बसतात. आपण गेलात तर लवकर पोचावे, आणि बँड आत येतो ती वाट दिसेल अशी जागा धरावी.